धावपट्टीवरची मोड आलेली मटकी

"तिकडे कसली आलीय थंडी?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात परत आल्यापासून मी ते लग्नात ऐकलंय, भिशीत ऐकलंय, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना ऐकलंय. त्याच्या आधीचा प्रश्नही ठरलेला. बाई इतकी वर्षं अमिरातीत विमानतळावर नोकरीला होत्या म्हटलं की समोरचा विचारतो, "एअर होस्टेस?" मग त्याचं लक्ष माझ्या आकाराकडे जातं आणि तो घाईघाईने "म्हणजे काउंटरवर?" असं सावरून घेतो. नाही हो. मी रनवेवर होते. पिवळी गाडी, तिच्या टपावर फिरता दिवा, कानाशी वॉकीटॉकी, आणि अंगात ते भडक हिरवं जाकीट. त्यात मी भेंडीच्या पोत्यासारखी दिसायचे, पण विमानाच्या पायलटला दिसायचे, आणि मुद्दा तोच होता.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर झाडूपोछ्याच्या बाईचं. ज्या फरशीवर विमानं उतरतात ती स्वच्छ आहे ना, हे दिवसातून अनेकदा गाडीने फिरून बघायचं. स्क्रू, खडा, बॅगेचं तुटलेलं चाक, टायरची साल, काही म्हणजे काही तिथे पडलेलं चालत नाही. इंजिन समोरचं सगळं आत ओढतं आणि त्याला हवा कुठली आणि नटबोल्ट कुठला हे कळत नाही. मला एकदा धावपट्टीच्या मधोमध डाव्या पायाची चप्पल सापडली होती. कोणाची, कशी आली, आजतागायत पत्ता नाही. त्या चपलेने मला जितकं छळलं तितकं माझ्या नणंदेनेही छळलं नसेल.

ही खोड नोकरीबरोबर सुटायला हवी होती. सुटली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी अजून वाकून स्क्रू उचलते. लेक ईशा सोबत असली की म्हणते, "मॉम, प्लीज, पीपल आर लुकिंग." बघू देत. शांत बसायची सवयच नाही मला, आणि आता या वयात लागेल असं वाटत नाही.

तर थंडी. तिकडे बर्फ पडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण नोव्हेंबर सरला की समुद्रावरची ओल आणि वाळवंटातला रात्रीचा गारठा एकत्र येतात आणि पहाटे जे धुकं उतरतं ते नुसतं बघायचं असतं, अर्थात तुम्ही घरी पांघरुणात असाल तर. रनवेवर असाल तर बघायला काही उरतच नाही. गाडीचं बॉनेट दिसतं, त्यापुढे दूध. अशा वेळी नियम बदलतात. दोन विमानांमधलं अंतर वाढवतात. रनवेला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आडवे लाल दिवे लागतात आणि ते विझेपर्यंत कोणी हलायचं नाही. आत जायचं तर कंट्रोल टॉवरला विचारून, बाहेर आलं की लगेच सांगायचं. विसरलात तर तुमच्या अंगावर काय येतंय ते तुम्हाला दिसणार नाही आणि त्यालाही तुम्ही दिसणार नाही. उन्हाळ्यात पन्नास डिग्रीत मी निवांत असायचे. हिवाळा आला की मार्चपर्यंत दिवस मोजायचे.

हिवाळ्याचं दुसरं दुखणं म्हणजे पक्षी. थंडीत बाहेरून पाहुणे येतात, बगळे, टिटव्या, समुद्री पक्षी. शिवाय घरची कबुतरं, साळुंक्या आहेतच. पहाटेच्या गारठ्यात डांबर ऊबदार असतं, म्हणून हे सगळे येऊन धावपट्टीवरच बसतात. धुक्यात त्यांनाही दिसत नाही, त्यामुळे विमानांसारखेच तेही खोळंबतात. मग ऊन येतं, धुकं फाटतं, आणि अडकून पडलेली सगळी विमानं आणि सगळे पक्षी एकाच वेळी उडायला निघतात. ती वेळ म्हणजे आमची परीक्षा.

पक्षी हाकलायचं काम हमीदभाई परकारांकडे होतं. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, माझ्याहून वयाने थोडे मोठे, बोलायला मोजके. त्यांच्या गाडीवर कर्णा होता. त्यातून शिकारी पक्ष्याची ओरड वाजवायचे, नाहीतर बंदुकीतून नुसता आवाजाचा बार काढायचे. आमची गाठ पडली ती मराठीमुळे आणि टिकली ती डब्यामुळे. ते मला शुभाताई म्हणायचे.

आमच्याकडे गिऱ्हाईकंही एकेक यायची. एका जानेवारीत एका स्थानिक गृहस्थाचा ससाणा उडून आमच्या हद्दीत आला. तिकडे थंडीत ससाणे उडवायचा मोठा शौक, आणि ससाणा म्हणजे घरातला मुलगाच. त्याचा स्वतःचा पासपोर्ट असतो, थट्टा करत नाही. हा राजपुत्र रनवेच्या कडेच्या फलकावर बसलेला आणि मालक गेटवर, पांढऱ्याशुभ्र पायघोळ झग्यात, कंदुऱ्यात, डोळ्यांत पाणी. बार काढू नका म्हणे, घाबरून कायमचा जाईल. मग मी त्यांना गाडीत घालून आत नेलं. परवानग्या काढता काढता तोंडाला फेस आला. ते हातात मांसाचा तुकडा धरून हाका मारत होते, ससाणा मान फिरवून दुसरीकडे बघत होता, आणि वॉकीटॉकीवर टॉवर मला सारखं विचारत होता की मॅडम, अजून किती वेळ. शेवटी आला एकदाचा. ते गृहस्थ जाताना म्हणाले, तुम्हालाही मुलं असतील, तुम्हाला समजेल. मी म्हटलं, आहे एक, तीही हाक मारली की दुसरीकडे बघते.

हसायला ठीक आहे. पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना अजूनही मला खुर्चीत नीट बसवत नाही.

आम्ही शारजात अल नहदाला राहायचो, दुबईच्या वेशीवर, माझ्या विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नाही. बिल्डिंगला खेटून बिल्डिंग, आणि मधे एखादा मोकळा वाळूचा तुकडा, त्यात गाड्या लावलेल्या. त्या वर्षी माझे सासरे गेले. सासूबाई कऱ्हाडला एकट्या राहिल्या असत्या, म्हणून नवऱ्याने, अविनाशने, त्यांना व्हिजिट व्हिसावर थंडीपुरतं आमच्याकडे आणलं. त्या आल्या आणि खिडकीशी बसल्या. टीव्ही नको, देऊळ नको, खाली बागेत चला तर गुडघे दुखतात. ईशाला जवळ घेऊन काही विचारलं तर ती "आय हॅव अ टेस्ट, आजी" म्हणून आत जायची. मी पहाटे अंधारात निघायचे, अविनाश आठला. त्या बाईने दिवसभर करायचं तरी काय?

मग डिसेंबरात त्यांच्यात फरक पडला. सकाळी लवकर उठायला लागल्या, स्वयंपाकघरात लक्ष घालायला लागल्या. मटकी भिजत घालायची, फडक्यात घट्ट बांधायची, मोड आणायचे, हे त्यांनी ताब्यात घेतलं. माझ्या डब्यात उसळ येऊ लागली, तीही कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून. हमीदभाई अर्धा डबा हक्काने संपवायचे. मटकीची पाकिटं जरा पटापटा संपतायत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. पण म्हातारी खूश आहे ना, मग खलास, चौकशी कशाला.

त्याच महिन्यात हमीदभाईंची कुरकुर सुरू झाली. सकाळची कबुतरं वाढलीत म्हणाले, आणि सगळी एकाच बाजूने येतात, वस्तीकडून. कोणीतरी कुठेतरी दाणे टाकतंय. हे तिथे नवीन नाही. लोक पुण्य म्हणून टाकतात, आपलेही आणि इतरही. नगरपालिकेची बंदी आहे, दंड आहे, तरी टाकतात. आमचा सेफ्टीचा प्रमुख स्कॉटिश होता, उंच आणि चौकस. आम्ही आपसात त्याला पोलीसपाटील म्हणायचो. त्याने नगरपालिकेला कळवलं. त्यांची माणसं येऊन फिरून गेली, त्यांना कोणी सापडलं नाही.

ती सकाळ धुक्याची होती. विमानांची रांग लागलेली, वॉकीटॉकीवर सगळ्यांचे आवाज चिडलेले. ऊन आलं आणि टॉवरने एकेकाला सोडायला सुरुवात केली. मी नुकतीच रनवेची फेरी मारून बाहेर आले होते, गाडी कडेला लावून उभी होते. कोचीला जाणारं विमान समोरून धावत निघालं. अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात वस्तीच्या बाजूने कबुतरांचा थवा खालून, अगदी गवताला घासून आडवा आला. हमीदभाईंचा बार वाजला, पण थवा फिरला तो नेमका विमानाच्या पुढ्यात.

इंजिनाचा आवाज एकदम फाटला. वॉकीटॉकीवर पायलट एवढंच म्हणाला की थांबतोय. आणि ते भरलेलं विमान, माणसांनी आणि इंधनाने काठोकाठ भरलेलं, ते ब्रेकवर आलं. चाकांतून धूर निघाला. अग्निशमनच्या गाड्या माझ्या शेजारून गेल्या. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि माझ्या तोंडातून नुसतं "थांब रे, थांब रे बाबा" निघत होतं, लहान मुलाला रस्त्यावर ओरडावं तसं. थांबलं. धावपट्टीचं टोक समोर दिसत होतं, पण थांबलं. खिडक्यांतून माणसं दिसत होती. एका बाईने मांडीवरचं मूल काचेला लावून त्याला बंब दाखवला, जणू त्याच्यासाठीच आलेत.

थोडं अजून वेगात असतं तर थांबताच आलं नसतं, हवेत जावंच लागलं असतं, त्या बिघडलेल्या इंजिनासकट. पायलट नंतर खाली उतरून आला. तरुण होता. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही.

रनवे बंद. मी आणि हमीदभाई चालत फिरून पिसं, तुकडे गोळा करत होतो आणि कानात सगळे यल्ला यल्ला, आटपा आटपा करत होते. नियमाप्रमाणे मेलेला पक्षी ऑफिसात आणून तपासायचा. कुठला, किती वजनाचा, काय खात होता. कबुतराच्या गळ्यात दाण्याची पिशवी असते, खाल्लेलं तिथे तासन्‌तास तसंच राहतं. ती कापून बघितली की तो कुठे जेवून आला ते कळतं. हमीदभाईंनी पक्षी ट्रेमध्ये ठेवून ब्लेड फिरवलं. पोलीसपाटील वाकून बघत होता.

आतून मटकी निघाली. बारीक, तपकिरी, आणि प्रत्येक दाण्याला पांढरी शेपटी. मोड आलेली.

ज्वारी-बाजरी-गहू आम्ही नेहमी बघायचो. पक्ष्यांच्या खाद्याच्या पिशव्या सुपरमार्केटात मिळतात, कोणीही घेतो. पण पाखरांना मटकी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून कोण घालतं? जगाच्या पाठीवर हा उद्योग एकच जात करू शकते, आणि त्या जातीची एक बाई माझ्या घरात होती. मी ट्रेकडे बघत राहिले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा डबा होता, त्यात तीच मटकी होती, फक्त फोडणी दिलेली.

साहेबाने विचारलं, हे काय आहे, कुठली डाळ? हमीदभाईंनी ब्लेड खाली ठेवलं. त्यांनी सगळं ओळखलं होतं, माझ्या आधी. ते हात पुसत मराठीत, अगदी हळू म्हणाले, "शुभाताई, मी काय बोलत नाय. तुमी सांगा, नायतर नका सांगू."

मी साहेबाला म्हटलं, हे आमच्याकडचं कडधान्य आहे, कुठून आलं ते मी शोधते, दोन दिवस द्या. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला.

घरी आले तर सिंकशेजारी फडक्याची मोटली टांगलेली. आमच्या चौघांच्या उसळीला लागेल त्याच्या तिप्पट.  मी फोन करून पुढच्या दिवसांची शिफ्ट बदलून उशिराची घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आडवी पडून राहिले. फटफटलं तसं दार हळूच वाजलं. मी जिन्याने खाली गेले आणि कोणाच्या तरी पांढऱ्या व्हॅनच्या मागे उभी राहिले. चोर पकडायला यावं तशी, माझ्याच सासूला.

सासूबाई वाळूच्या तुकड्याच्या कडेला उभ्या होत्या. शाल, मोजे, हातात स्टीलचं पातेलं. तिथे नगरपालिकेचा बोर्ड होता, अरबीत आणि इंग्रजीत, आणि मध्ये कबुतराचं चित्र. त्यावरची लाल काट उन्हाने पार उडून गेली होती. नंतर त्यांनी मला सांगितलं की चित्र बघून त्यांना वाटलं, कबुतरांची जागा राखून ठेवलीय, किती चांगलं सरकार आहे. 

पातेलं दिसताच गच्चीगच्चीवरून कबुतरं उतरली. इतकी, की वाळू दिसेना. आणि सासूबाई बोलत होत्या. गेले कित्येक आठवडे ज्या बाईने माझ्याशी "हो", "नको", "जेवले" यापलीकडे शब्द काढला नव्हता, ती अखंड बोलत होती. तू मागे हो गं, तुझं झालंय. हा लंगडा बघा, याला कोणी खाऊ देत नाही. ये रे, मऊ आहे, मऊ केलंय तुमच्यासाठी. त्या हसल्या. सासरे गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्या व्हॅनमागे उभी होते आणि मला वाटत होतं, असंच वर जावं, झोपावं, काही पाहिलंच नाही म्हणावं.

मग पातेलं रिकामं झालं. थवा उठला, बिल्डिंगवरून एक वळसा घेतला आणि निघाला. कुठल्या दिशेला, ते मला कोणी सांगायला नको होतं.

अविनाशला मी फोनवर सांगितलं. तो एकदम चिडला. म्हणाला, आईला सांग, बंद कर, पण ऑफिसात तोंड उघडू नकोस. ती व्हिजिटवर आहे, दंड झाला, चौकशी झाली तर? तुझी नोकरी आहे. मी म्हटलं, अरे, विमानात माणसं होती. तो म्हणाला, झालं ना पण नीट, थांबलं ना विमान, मग कशाला हात दाखवून अवलक्षण? त्याचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्याला आईची काळजी होती. पण नगरपालिकेची माणसं वस्तीभर कोणाला तरी शोधत फिरणार होती आणि मी रोज रनवेवर उभी राहून न शोधल्याचं नाटक करणार होते, ते मला जमणारं नव्हतं. आमचं भांडण झालं. फोन मी ठेवला.

सासूबाईंशी मी स्वयंपाकघरात बोलले. त्या पातेलं घासत होत्या. मी विमानाचं सांगितलं, इंजिनाचं सांगितलं, त्या पक्ष्याच्या पोटात काय सापडलं ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, मला येतही नाही. त्यांनी नळ बंद केला.

"माणसं होती त्यात?"

"हो, आई. भरलेलं होतं. लहान मुलंही होती."

त्या स्टुलावर बसल्या. पदराने हात कोरडे करत राहिल्या, हात कोरडे झाले तरी. मला वाटलं रडतील, नाहीतर माझ्यावर चिडतील, तुझं काहीतरीच म्हणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"हे गेले," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या हातचं खाणारं कोणी उरलं नाही बघ. पोर बाहेरून मागवते. अविनाश डाएटवर. तू डबा नेतेस, पण खाताना मला कुठे दिसतेस? ही पाखरं माझ्यासमोर खायची."

 मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही कान बाहेरच होते, कुठलं विमान चढतंय ते ऐकत होते. ही माझी जात. मग त्या म्हणाल्या, तुझ्या साहेबाला सांग, म्हातारीला ठाऊक नव्हतं. दंड असेल तो अविनाश भरेल. उद्यापासून दाणा नाही.

मी दुसऱ्या दिवशी साहेबाच्या केबिनमध्ये गेले. हमीदभाई माझ्या मागोमाग आले आणि न बोलावता दाराशी उभे राहिले. मी म्हटलं, ती मटकी माझ्या घरची आहे, माझ्या सासूने टाकलेली, तिला बंदी माहीत नव्हती, आता बंद आहे.  पोलीसपाटलाने पेन खाली ठेवलं. आपली आईही गावी असंच करते, फक्त ती समुद्री पक्ष्यांना पाव घालते आणि कोणाच्या बापाचं ऐकत नाही, असं तो म्हणाला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, नगरपालिकेला कळवावं लागेल. कळवलं. एक तरुण अधिकारी घरी आला, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायला, इन्शाल्ला पुन्हा होणार नाही म्हणाला आणि ताकीद देऊन गेला. बोर्डही नवा लागला, लाल काट चांगली ठसठशीत. अविनाश माझ्याशी आठवडाभर धड बोलला नाही.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. पण केबिनमध्ये जाऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी उजाडता मी कामाला निघाले तर सासूबाई शाल पांघरून दाराशी, मोजे चढवलेले. माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, आई, अहो काय ठरलं होतं आपलं? त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. रिकामे होते.

"नुसतं न जाऊन कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "ती वाट बघत बसतील. समोर उभी राहिले, हातात काही नाही हे पाहिलं, म्हणजे आपली आपण जातील."

आणि त्या रोज गेल्या. उशिराची शिफ्ट मी तशीच ठेवली होती, त्यामुळे मी लिफ्टने त्यांच्याबरोबर खाली उतरायचे आणि गाडी काढताना आरशात बघायचे. पहिल्या दिवशी कबुतरांनी त्यांना गराडा घातला, चपलांवर चढली, शालीला चोच मारली. त्या हात पसरून उभ्या. काही नाही रे, काही नाही, जा. वॉचमन मला म्हणाला, मॅडम, अम्मा की तबीयत ठीक है ना? मी म्हटलं, ठीक आहे, अम्मा निरोप घ्यायला आल्यात.

मी रनवेवर पोहोचले की पहिलं हमीदभाईंना विचारायचे, आज किती? ते म्हणायचे, आहेत अजून. मग म्हणायला लागले, कमी आहेत. धुक्याची आणखी एक सकाळ आली. विमानांची रांग लागली, ऊन पडलं, आणि मी कडेला उभी राहून वस्तीच्या दिशेने डोळे फोडून बघत होते. एकेक विमान गेलं. वस्तीकडून काही आलं नाही. हमीदभाईंनी लांबून हात वर केला. मी वॉकीटॉकीवर टॉवरला कळवलं की रनवे साफ आहे, आणि खोटं कशाला बोलू, आनंदाने मला ओरडावंसं वाटलं.

त्या दिवशी घरी आले तर सासूबाई दिवाणखान्यात बसल्या होत्या. शाल घडी करून शेजारी ठेवलेली.

"आज एकही आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी बराच वेळ थांबले होते. चांगलं झालं ना?"

मी म्हटलं, हो आई, फार चांगलं झालं.

"मग आता उद्यापासून लवकर उठायला नको," त्या म्हणाल्या, आणि उठून खिडकीशी जाऊन बसल्या.